पाचोळ्यातील जीव आणि त्यांचे घर

दिल्लीत वसंत ऋतू आला की कडुनिंब आणि पिंपळ यांची जुनी पाने गळू लागतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून रस्त्यांच्या कडेला, वसाहतींच्या आवारात आणि बागांमध्ये पाचोळ्याचे ढीग साचतात. या ढिगांना काडी लावून मोकळे होण्याची सवय अनेक वर्षांची होती. धुराने आधीच गुदमरलेल्या शहराला ती परवडणारी नव्हती. म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी परिसरात पाने व कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि जाळणाऱ्याकडून ५,००० रुपये भरपाई घेण्याचा आदेश दिला. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनीही बागेतील कचरा जाळण्यास बंदी घातली.

पाने जाळायची नाहीत, तर मग त्यांचे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर निसर्गात पूर्वीपासूनच आहे. ओलसर जागी ठेवलेली कुंडी उचलून पाहिली, तर तिच्या तळाशी करड्या रंगाचे, चपट्या अंगाचे, नखापेक्षाही लहान असे जीव लगबगीने अंधाराकडे पळताना दिसतात. त्यांना आयसोपॉड म्हणतात. गळलेले पान कुरतडून त्याची माती करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा असतो. अलीकडे यांतील पांढऱ्या, पिवळसर किंवा फिकट नारिंगी रंगाच्या जाती हौसेने पाळल्या जाऊ लागल्या आहेत. त्यांचे घर कसे असावे, हे समजून घेतले की मातीचे घर कसे चालते, हेही समजते.

किडा नव्हे, खेकड्याचा नातलग

'आयसो' म्हणजे सारखा आणि 'पॉड' म्हणजे पाय. ज्याचे पाय एकसारखे, तो आयसोपॉड. कीटकांना पायांच्या तीन जोड्या असतात, तर आयसोपॉडला सात. तो खेकडा आणि कोळंबी यांच्या कुळातील प्राणी आहे. या गटातील पुष्कळ जाती आजही समुद्रात राहतात. सुमारे ४ हजार जातींनी मात्र जमिनीवर संसार थाटला आहे.

सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारा, स्पर्श होताच गोटीसारखा गोल होणारा प्राणी बहुधा आयसोपॉड नसतो. तो पैसा किड्याच्या कुळातला असतो. त्याच्या शरीराच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. पाय मोजले की ही ओळख सहज पटते.

पाणी सोडून आलेल्या या प्राण्याला पाण्याची गरज मात्र सुटलेली नाही. त्याची श्वसनेंद्रिये शरीराच्या मागील भागात, पोटाच्या बाजूला असतात आणि ती ओली राहिली तरच काम करतात. कीटकांच्या अंगावर पाणी अडवणारा मेणाचा थर असतो. तसा परिणामकारक थर आयसोपॉडच्या अंगावर नसतो. त्यामुळे कोरड्या हवेत तो लवकर सुकतो. म्हणूनच कोरड्या जागी तो भराभर चालतो आणि ओलसर जागा सापडली की मंदावतो. अनेक जण एकमेकांना बिलगून बसतात, तेही अंगातील ओलावा टिकवण्यासाठीच.

फिकट रंग कशामुळे?

फिकटपणाची कारणे वेगवेगळी आहेत. मूळच्या उष्ण कटिबंधीय अमेरिकेतल्या आणि आता जगभर पसरलेल्या 'ट्रायकोऱ्हायना टोमेंटोसा' या जातीचा आयसोपॉड मुळातच पांढरा असतो. त्याची लांबी जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर भरते. तो मातीच्या आत राहतो. त्याच्या माद्या नराविना पिल्ले देऊ शकतात.

दुसरी जात 'पोर्सेलिओनायडिस प्रुइनोसस'. तिच्या अंगावर पिठासारखी भुकटी दिसते. प्रुइनोसस या लॅटिन शब्दाचा अर्थच हिमकणांनी झाकलेला असा आहे. तिचा मूळ रंग करडा असतो. क्वचित रंगद्रव्य कमी असलेले पिल्लू जन्माला येते. अशांना निवडून, वेगळे वाढवून पांढरे व नारिंगी वाण तयार झाले आहेत. असे वाण राखायचे असतील, तर त्यांच्यात करडे आयसोपॉड मिसळू देऊ नयेत. करडा रंग पुन्हा वर येतो आणि फिकट रंग पुढच्या पिढ्यांत दडून राहतो.

एखाद्याचे निम्मेच अंग पांढरे पडलेले दिसले, तर तो आजार समजू नये. आयसोपॉड दोन टप्प्यांत कात टाकतो. आधी मागचा अर्धा भाग आणि काही काळाने पुढचा. अंग निळे किंवा जांभळे दिसू लागले, तर मात्र ते एका विषाणूच्या रोगाचे लक्षण असू शकते. असा प्राणी ताबडतोब वेगळा करावा.

घराची मांडणी

या घराला फारसा खर्च येत नाही. मिठाईचा रिकामा, झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा स्वच्छ धुऊन घ्यावा. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना वरच्या भागात लहान भोके पाडावीत आणि आतून बारीक जाळी चिकटवावी. हे प्राणी शरीरातील टाकाऊ नायट्रोजन अमोनिया वायूच्या रूपाने बाहेर टाकतात. त्यामुळे हवा खेळती राहणे आवश्यक असते.

तळाशी ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचा थर घालावा. त्यात पालापाचोळ्याचे जुने खत, रासायनिक खत न घातलेली माती आणि कुजून भुसभुशीत झालेले लाकूड मिसळावे. वर कोरडी पाने पसरावीत आणि लपण्यासाठी झाडाच्या सालीचे दोन-तीन तुकडे ठेवावेत.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. संपूर्ण डबा भिजवू नये. एक बाजू ओलसर आणि दुसरी कोरडी ठेवावी. ओलसर बाजूला शेवाळ ठेवून त्यावरच पाणी शिंपडावे. अशी मांडणी केली, की प्राणी आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडतो. सगळीकडे चिखल झाला तर त्याचा श्वास कोंडतो आणि सगळीकडे कोरडे पडले तर तो सुकून जातो. नवख्या माणसाच्या हातून बहुतेक प्राणी या दोन चुकांमुळेच दगावतात. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे.

आहार

पाने हेच मुख्य अन्न होय. बदाम, पेरू, पिंपळ यांची गळून तपकिरी झालेली पाने चालतात. कडुनिंबाची पाने टाळावीत, कारण ज्या गुणामुळे आपण ती धान्यात घालतो, तोच गुण येथे घातक ठरतो. निलगिरीची पानेही घालू नयेत. पाने उकळत्या पाण्यातून काढून वाळवली, तर त्यांतून कोळी वा गोम घरात येत नाही.

रहदारीच्या रस्त्यालगतची पाने मुळीच घेऊ नयेत. आयसोपॉडच्या शरीरात तांबे, जस्त, शिसे यांसारखे धातू साठत जातात. म्हणूनच मातीचे प्रदूषण अभ्यासताना शास्त्रज्ञ त्याची तपासणी करतात.

आठवड्यातून एकदोनदा गाजराची किंवा काकडीची पातळ चकती आणि कधीतरी चिमूटभर सुकट द्यावी. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाकावे, नाहीतर बुरशी धरते. कवच घडण्यासाठी चुनखडीची गरज असते. त्यासाठी उकळून चुरलेले अंड्याचे टरफल किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन ठेवावे. प्राण्याने टाकलेली कात उचलू नये. तो ती स्वतःच खातो आणि तिच्यातील चुना पुन्हा वापरतो.

दिल्लीचे हवामान

साधारणतः २० ते २८ अंश सेल्सिअस तापमान या प्राण्यांना मानवते. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि लू वाहते, तर जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. म्हणून डबा गच्चीत वा खिडकीत ठेवू नये. उन्हाळ्यात तो घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत, पाणी भरलेल्या मातीच्या माठाशेजारी ठेवावा. हिवाळ्यात हीटरपासून दूर ठेवावा. ओलावा रोज बोटाने पाहावा. गावाला जाण्यापूर्वी ही जबाबदारी कोणावर तरी सोपवावी.

पिल्ले आणि पालकत्व

मादी अंडी जमिनीवर टाकत नाही. पोटाखालच्या पातळ पिशवीत ती सांभाळते. पिशवीत द्रव असतो. जणू समुद्राचा एक थेंब तिने जमिनीवरही जपून ठेवलेला असतो. बाहेर येणाऱ्या पिल्लांना पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी जोडी पुढे कात टाकल्यानंतर उगवते.

संख्या वाढली की काही प्राणी जंगलात किंवा उद्यानात सोडून द्यावेत, असा मोह होतो. तो टाळला पाहिजे. बाहेरून आलेली जात स्थानिक जातींचे अन्न आणि जागा बळकावू शकते. जास्तीचे प्राणी दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत. परदेशातून जिवंत प्राणी आणण्यास शासनाची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

समारोप

डब्यात घातलेले पान काही आठवड्यांत जाळीदार होते. मग केवळ शिरा उरतात आणि शेवटी त्यांचीही काळी, भुसभुशीत माती होते. काडी लावलेले पान काही क्षणांत धूर होऊन माणसाच्या छातीत जाते. तेच पान या जीवांच्या स्वाधीन केले तर झाडाच्या मुळांशी परत जाते. ज्याच्या घरी डबा ठेवायला जागा नाही, त्यानेही अंगणातील एखाद्या झाडाखालचा पाचोळा झाडून न टाकता तेथेच राहू द्यावा. या जीवांचे घर तेथे आपोआप उभे राहते.

स्वाध्याय

१. आयसोपॉड हा कीटक नाही, हे कोणत्या गोष्टींवरून ठरते?
२. डब्याची एक बाजू ओलसर व दुसरी कोरडी का ठेवावी?
३. पाळलेले प्राणी निसर्गात सोडणे अयोग्य का आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. आपल्या परिसरातील पाचोळ्याचे काय केले जाते, याची माहिती मिळवून आठ-दहा ओळी लिहा.