चंद्रावरचं यान आणि आपल्या गावातला हापसा



२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्याच आठवड्यात पैठण तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. मी मोठ्या उत्साहानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. टाळ्या पडल्या. मग बचतीचे पैसे मोजता मोजता एक काकू म्हणाल्या, "अगं पोरी, चंद्रावर पाणी आहे का बघायला गेलेत ना? मग आमच्या नळात कवा बघणार?" त्या ऑगस्टात पाऊस पार गायब होता, तुम्हाला आठवत असेल. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आज उशिरानं देते आहे. देश स्वतंत्र झाल्यावर विज्ञानात काय काय झालं हे सांगायचं म्हटलं की रॉकेट, उपग्रह, अणुभट्टी यांचीच नावं येतात. पण त्याच विज्ञानाचं एक लेकरू आपल्या गावात, बहुतेक शाळेपाशी नाहीतर देवळाच्या पारापाशी उभं आहे. त्याचं नाव हापसा. आणि त्याच्या जन्मात आपल्या भागाचा मोठा वाटा आहे.

आधी जमिनीचं बोलू. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो. या खडकात पाणी साठतं ते फक्त भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांमध्ये. जुन्या काळी तिथपर्यंत जायचं म्हणजे पहार, सुरुंग आणि महिनोन् महिने मजुरी. १९६६-६७ मध्ये बिहारात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा युनिसेफ या संस्थेनं कठीण खडक फोडणारी यंत्रं भारतात आणली. दांड्याच्या टोकाला हातोडा, तो दाबाच्या हवेवर चालतो, खडकाचा भुगा तीच हवा वर फेकते. महिन्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातही गावोगाव बोअर पडले.

बोअर झाले, पण पाणी वर काढायचं कशानं? चार-सहा इंचांच्या भोकात बादली जात नाही. त्या वेळी मिळणारे हातपंप हे युरोप-अमेरिकेतल्या पंपांची नक्कल होते. ते ओतीव लोखंडाचे, आणि मुळात एका शेतकऱ्याच्या एका घरासाठी बनवलेले. तिकडे दिवसातून चार वेळा दांडा हलायचा. इकडे पहाटे चारपासून रांग आणि अख्खी वस्ती. सांधे झिजायचे, दांड्याचे खिळे तुटायचे. १९७४ मध्ये पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी साधारण तीन-चतुर्थांश बंद निघाले. म्हणजे चार गावांत बोअर केले आणि तीन गावांतल्या बाया पुन्हा विहिरीवरच गेल्या.

इथे जालना येतं. जालना तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं, १९८१ साली वेगळा जिल्हा झाला. तिथे स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन पाण्याचं काम करत होतं. बोअर घ्यायचा, पंप बसवायचा, आणि तो मोडला की परत जाऊन बघायचा. हे परत जाऊन बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कुठे मोडतं हे त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी ओतीव लोखंड सोडून पोलादी पंप केला आणि पुष्कळ सांध्यांच्या जागी एकच सांधा ठेवला. त्याला जालना पंप म्हणत. पुढे सोलापूरच्या वर्कशॉपमध्ये तो आणखी सुधारला. सांध्यात बंद बॉल बेअरिंग आणि दांड्याच्या आतल्या टोकाला साखळी. साखळीमुळे आतली सळई नेहमी सरळ रेषेत वर ओढली जाते, तिरकी घासत नाही. तो सोलापूर पंप.

हे पंप टिकतात हे दिसल्यावर सरकार, युनिसेफ आणि मद्रासची सरकारी मालकीची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी एकत्र आली. सोलापूर पंपावरून नवा नमुना केला, कोइमतूरजवळच्या गावांत चालवून पाहिला, आणि १९७७-७८ च्या सुमारास तो मोठ्या संख्येनं बनू लागला. हाच आपला इंडिया मार्क टू. १९७९ मध्ये त्याला आयएसआयचं मानक मिळालं. मानक म्हणजे काय? तर एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसायलाच पाहिजे. शिवाय या पंपावर कुणाचीही मक्तेदारी ठेवली नाही. साध्या वर्कशॉपलाही तो बनवता यावा, असाच तो आखला होता. पुढे आफ्रिकेतही गेला. युगांडा, माली, घाना इथल्या बाया आज ज्या हापशावर पाणी भरतात, त्याचं मूळ शोधत गेलं तर जालना-सोलापूर लागतं. आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ ला आकाशात गेला. म्हणजे ही दोन्ही कामं एकाच काळातली. एकाचं चित्र दोन रुपयांच्या नोटेवर छापून आलं, दुसऱ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

मी समाजकार्याची पदवी घेतली, पण यातलं काही मला वर्गात कुणी सांगितलं नाही. हापशानं बायांचं काय वाचवलं तेही नाही. तुमच्या सासूबाईंना, आजीला 'नारू' विचारा. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत लोक उतरायचे. ज्याच्या पायात नारू असेल त्याचा पाय पाण्यात बुडाला की जंत पिलं सोडायचा, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची, आणि ते पाणी जो पिईल त्याच्या अंगात वर्षभरानं दोन-तीन फुटांचा जंत तयार. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. त्यावर ना औषध, ना लस. तो हटला मुख्यतः दोन गोष्टींनी: पाणी गाळणं आणि पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी सोडून बंद बोअरचं पाणी पिणं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला. त्यामागे अनेक हात आहेत, त्यातला एक हापशाचा.

आता हापशाच्या पोटात काय आहे ते बघा. खाली पाण्यात एक पितळी नळकांडं असतं. त्यात दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याला वायसर असतात, पिचकारीत असतात तसेच. दट्ट्याला एक झडप आणि नळकांड्याच्या बुडाला एक. दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो, वरचं पाणी उचलतो आणि बुडाची झडप उघडून नवं पाणी आत घेतो. दांडा सोडला की दट्ट्या खाली उतरतो, बुडाची झडप मिटते, पाणी दट्ट्यातून वर सरकतं. बस, एवढंच. चांगला हापसा चाळीस वेळा हापसला की साधारण १२ लिटर पाणी द्यायला पाहिजे. म्हणजे एक घागर भरत नसेल तर 'जुना झालाय' म्हणून सोडून देऊ नका, काहीतरी बिघडलंय.

काय बिघडलंय हे बऱ्याचदा बाहेरूनच कळतं. पाणी कमी कमी होत गेलं तर वायसर झिजले. बराच वेळ हापसल्यावर पाणी येतं, मग ठीक चालतं, तर बुडाची झडप गळते किंवा पाइपाच्या जोडातून पाणी निसटतं. दांडा एकदम हलका लागतो आणि पाणीच नाही, तर आतली सळई तुटली किंवा सुटली. कुरकुर आवाज येतो तर साखळीला ग्रीस नाही. हे ग्रीस महिन्यातून एकदा लावायचं असतं. वरचं झाकण उघडायला एक बोल्ट आणि एक पाना लागतो, इंजिनिअर लागत नाही.

खरी अडचण खालच्या कामाची. मार्क टूचा वायसर बदलायचा तर तीन-तीन मीटरचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्याला हत्यारं आणि चार दणकट माणसं पाहिजेत, म्हणून तालुक्याच्या गाडीची वाट बघत बसायचं. हे ओळखूनच नंतर मार्क थ्री काढला. त्याचा पाइप रुंद असतो, त्यामुळे पाइप न काढता नुसती सळई ओढली की दट्ट्या आणि झडप वर येते. गावातल्या गावात, बायांनाही जमावं म्हणून. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात गावच्या बाया हापसे दुरुस्त करायला शिकल्या आणि पाने घेऊन गावोगाव फिरल्या. त्यातल्या कितीतरी जणींना तेव्हा लिहिता-वाचताही येत नव्हतं.

गेल्या मे महिन्यात मी ज्या गावात मुक्कामी होते, तिथे नळयोजनेची मोटर जळालेली. टँकर दिवसाआड. आणि लिंबाखालच्या हापशावर कुणीतरी गोधडी वाळत घातलेली. वर्षभर बंद होता. शेवटी गाडी आली तेव्हा निघालं काय, तर वायसर फाटलेले. अर्ध्या दिवसाचं काम. तेवढ्यासाठी बाया वर्षभर शेतातल्या विहिरीवर जात होत्या.

पण एक गोष्ट लपवून उपयोग नाही. मार्क टू साधारण ४५-५० मीटरपर्यंतचं पाणी उचलतो, म्हणजे दीडशे फूट. आता मोसंबी-उसासाठी चारशे-पाचशे फुटांचे बोअर झाले, त्यात बटण दाबलं की चालणाऱ्या मोटरी उतरल्या. तेही विज्ञानच. पण एका विज्ञानानं दुसऱ्याच्या तोंडचं पाणी काढून घेतलं. जिथे पाणी दीडशे फुटांच्या खाली गेलंय तिथे वायसर बदलून काही होणार नाही. तिथे आधी ग्रामसभेत गावातल्या बोअरवर बोलावं लागेल. पाऊस झाल्यावर वर आलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं का, हे बघावं लागेल.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीला येताना एक काम करून या. आपल्या गावातले हापसे मोजा. चालू किती, बंद किती. बंद असलेल्याचा दांडा स्वतः हलवून बघा, हलका लागतो की जड, आणि वहीत लिहा. चालू असलेल्यावर चाळीस वेळा हापसून घागर भरते का बघा. काकूंच्या गावापासून सुरुवात करू, त्यांना मी उत्तर देणं लागते.