फकिरा आपला का वाटतो?

लोक दरोडेखोराला नायक का करतात, असे पांढरपेशे समीक्षक विचारतात आणि ‘अडाणी माणसाला गुन्ह्याचे आकर्षण असते’ असे उत्तरही देऊन टाकतात. मला हे उत्तर मान्य नाही.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. ज्या जमातींची त्यात नोंद झाली, त्यांचे मूल जन्मताच संशयित ठरे. हातून काही घडो वा न घडो, माणसाने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. जिथे जन्म हाच गुन्हा, तिथे कायदा मोडणारा गुन्हेगार वाटेलच कसा?

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) कादंबरीतला मांगवाड्याचा नायक दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना वाटतो. माझ्या मते लोकांच्या ध्यानात लूट राहत नाही, वाटणी राहते. चावडीवर कधीच न मिळालेला न्याय त्यांना त्या वाटणीत दिसतो.

पण इथेच थांबून चालणार नाही. एकटा वीर पडला, की बाकीचे पुन्हा हजेरीला उभे राहतात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे दिवसाढवळ्या चवदार तळ्यावर गेली. तिथे कुणी आणून वाटले नाही. आपली ओंजळ आपणच भरायची होती. अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ते उगीच नव्हे.

१९५२ साली तो कायदा रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. तो आहे तोवर लोक फकिराला विसरणार नाहीत, आणि आपल्यालाही महाड विसरून चालणार नाही.