मानवंदनेची रायफल हाताने का ओढावी लागते?

काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एका गावात जवानाच्या अंत्यसंस्काराला गेलो होतो. मानवंदनेच्या तीन फैरी झाल्या. शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी पोराने हळूच विचारलं, "काका, ही एसएलआर ना? ती तर आपोआप भरते. मग हे प्रत्येक बाराला हाताने का ओढतात?" तिथे बोलणं बरं दिसलं नसतं. नंतर घरी बसून त्याला सांगितलं, तेच इथे मांडतो.

आपल्या भागाला रायफल नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. घरटी एक माणूस फौजेत, अशी गावं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. आधीच्या पिढीने .३०३ ची ली-एनफिल्ड वापरली. तिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हातानेच मागेपुढे करायचा. १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर आली. आराखडा मूळ बेल्जियमचा, बनावट आपल्या इशापूरच्या कारखान्याची. नावच सेल्फ लोडिंग.

ही आपोआप भरते म्हणजे काय होतं? दारू जळून झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो. नळीला वरच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. गोळी ते ओलांडून गेली की थोडा वायू त्यातून वर शिरतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्टला मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, आणि दस्त्यातली स्प्रिंग बोल्टला पुढे आणताना मॅगझिनमधलं नवं काडतूस आत ढकलते. उद्यमबागेतल्या यंत्रांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे ओळखीचं: पुरेसा दाब असेल तरच दट्ट्या हलतो.

मानवंदनेच्या काडतुसात गोळी नसते. म्हणजे नळीला बूच नाही. वायू सरळ तोंडातून निघून जातो, छिद्राशी दाब साठतच नाही. म्हणून हाताने ओढायचं. सरावात ब्लँक वापरताना नळीच्या तोंडाशी एक अडसर बसवतात. त्याने तोंड अरुंद होतं, दाब साठतो आणि रायफल आपोआप चालते.

यावर एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "गोळी ठेवून दारू कमी केली तर? आमच्या ठासणीच्या बंदुकीत आम्ही तेच करायचो." प्रश्न रास्त आहे, पण तो अनुभव इथे लावणं धोक्याचं. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू. ती मोकळ्यावरही भडकन जळते, कमी घातली की बार हलका. रायफलीच्या काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी. ती किती जोरात जळेल, हे दाबावर ठरतं. पुंगळीत मोकळी जागा जास्त राहिली की तिचं जळणं बेभरवशाचं होतं. एसएलआरची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. तो वेग फार खाली आणायला गेलं की आधी बोल्ट अर्ध्यात अडकतो, पुंगळी दारात फसते. त्याहून वाईट म्हणजे गोळी नळीतच रुतून बसते. वरून आवाज झालेला असतो, म्हणून माणूस पुढची झाडतो आणि नळी फुटते. कमी दारू म्हणजे कमी धोका, हा ठासणीचा नियम इथे उलटतो.

हाताने ओढायच्या .३०३ मध्ये यंत्र दाबावर अवलंबून नव्हतं. म्हणून जवळच्या सरावासाठी कमी दारूची काडतुसं निघाली, पण तीही कारखान्यातच तपासून भरलेली. पुढे सोपा मार्ग रूढ झाला: सरावाला रायफलच लहान घ्यायची. एनसीसीत .२२ झाडलेल्यांना ती आठवत असेल.

हे लिहायचं कारण असं, की जुन्या पेट्यांतून आजोबांची काडतुसं अजून निघतात आणि कुणाला तरी ती उघडून बघावीशी वाटतात. परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जुन्या दारूचा भरवसा कोण देणार? पेटी तशीच राहू द्या, पोलीस ठाण्याला कळवा. आजोबांचं पदक, पेन्शनचं पुस्तक, पलटणीतला फोटो मात्र मंडळाकडे जरूर आणा. त्यांची नोंद आपण करू.

त्या पोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी रायफल बिघडली नव्हती." नव्हती. नळीत गोळी नव्हती, एवढंच.