प्रवरेकाठचा खारा समुद्र

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले तेव्हा त्याच्यासमोर प्रत्यक्ष अरबी समुद्र होता. परंतु प्रवरेकाठच्या नेवाशातील ज्या गृहस्थाला आपल्या दिवाणखान्यात सागरी मासे बाळगण्याची हौस आहे, त्याला किनारा सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरांहून दूर असल्यामुळे, मासा आणण्यापूर्वी समुद्रच घरी सिद्ध करावा लागतो. ऊसपट्ट्यातील बोअरचे पाणी बहुधा जड, आणि खतांतील नायट्रेट त्यात उतरले असण्याचा संभव. म्हणून आरओ गाळणीनंतर डीआय, म्हणजे क्षारांचे आयन शोषणाऱ्या, राळेतून काढलेल्या पाण्यातच, दर लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम या हिशेबाने, मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ विरघळवावे. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशा टाकीला सुमारे सात किलो मीठ लागते, आणि स्वयंपाकघरातले मीठ येथे कुचकामी ठरते.

आता गाळणीचा प्रश्न. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू सच्छिद्र पृष्ठभागावर वस्ती करतात, आणि परदेशी छांदिष्ट या कामी समुद्रातून आणलेले प्रवाळमिश्रित खडक वापरत आले आहेत. परंतु आपल्याकडे २००१ साली प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत झाल्यामुळे भारतीय किनाऱ्यावरील असा जिन्नस कुणी देऊ केला तरी तो नाकारावा व सच्छिद्र सिरॅमिकवर भागवावे. वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे सोडू नयेत.

परंतु घाण कुजून तिचा अमोनिया होण्याआधीच ती बाहेर काढणे श्रेयस्कर, आणि हेच प्रोटीन स्किमरचे कर्तव्य. उभ्या नळीत हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले की प्रथिने व स्निग्ध द्रव्ये त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून फेसासह वर चढतात, आणि गुऱ्हाळात काहिलीवरची मळी झाऱ्याने उतरवावी तशी वरच्या पेल्यात जमा होतात. हा काळपट, चहासारखा, दुर्गंधीचा द्रव पाहिला की यंत्राच्या किमतीबद्दल कुरकूर राहत नाही. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत असल्याने तेथे ही युक्ती फारशी चालत नाही. उत्पादकाने छापलेल्या क्षमतेवर विसंबू नये. टाकीच्या दीडपट पाण्यासाठी सांगितलेला स्किमर घ्यावा, आणि तो टाकीखालच्या, पाण्याची पातळी स्थिर राहणाऱ्या संपमध्ये, म्हणजे दुय्यम टाकीत, ठेवावा. कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्यातली, गाळणी दिसायला सुबक, पण आठवड्या-दोन आठवड्यांनी उघडून धुतली नाही तर ती नायट्रेटचे कोठारच बनते.

विजेची तजवीज मात्र अव्वल दर्जाची हवी. वीज जाताच मोटार थांबून टाकीतील काही पाणी संपमध्ये उतरते, म्हणून तेथे जागा रिकामी राखावी. आणि पाणी खेळते ठेवणाऱ्या पंपाला इन्व्हर्टर जोडावा, कारण प्राणवायू त्यावरच अवलंबून असतो. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी गाठीत असता, पाणी २५ ते २७ अंशांवर राखण्याची व्यवस्था लागते, आणि बाष्पीभवनाने पाणीच उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर शुद्ध पाण्याचीच, खाऱ्याची नव्हे. हात आखडताच घ्यायचा असेल तर रोषणाईत व कॅनिस्टरमध्ये घ्यावा. आरओ-डीआय, स्किमर आणि इन्व्हर्टर यांत काटकसर करू नये.