चालण्याने ब्लॉकेज धुऊन निघतात का?

सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘रोज चाला, नळ्या साफ राहतात.’ सल्ला उत्तम, पण त्यामागची समजूत चुकीची. धमनी म्हणजे नळ, चरबी म्हणजे त्यात साचलेला गाळ आणि व्यायाम म्हणजे तो वाहून नेणारा पाण्याचा लोंढा, असं चित्र अनेकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात चरबीचा थर रक्ताच्या वाटेत उघडा पडलेला नसतो. तो धमनीच्या भिंतीत, अस्तराखाली साठतो. कितीही वेगाने चाललं तरी तो धुऊन निघत नाही.

मग व्यायामाने होतं काय? भिंतीचं वागणं बदलतं.

धमनीला आतून पेशींच्या एकाच थराचं नाजूक अस्तर असतं. ते निव्वळ आवरण आहे, असंच बराच काळ मानलं जाई. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. असिटिलकोलिन हे रसायन लावल्यावर अस्तर शाबूत असलेली धमनी सैलावत होती. अस्तर खरवडलं गेलेली मात्र आकसत होती. म्हणजे सैलावण्याचा निरोप अस्तराकडूनच येत होता. तो निरोप्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला आणि या शोधाबद्दल १९९८ चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं.

व्यायामात रक्ताचा वेग वाढतो, ते अस्तराला जास्त जोराने घासत जातं आणि पेशींना हे घर्षण कळतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर लगेच कामाला लागतं. व्यायाम रोजचा झाला, की पेशी त्या विकराचं जनुक अधिक वेळा वाचून विकराचा साठाच वाढवतात. १९९४ मध्ये कुत्र्यांना दहा दिवस ट्रेडमिलवर पळवून हे दाखवलं गेलं. माणसातला पुरावा जर्मनीतल्या लाइपझिगहून २००३ मध्ये आला. बायपासची वाट पाहणाऱ्या काही रुग्णांकडून शस्त्रक्रियेआधी चार आठवडे व्यायाम करून घेतला गेला. बायपाससाठी छातीतली जी धमनी वापरतात तिचा तुकडा नंतर तपासला, तेव्हा व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत हे विकर सुमारे दुप्पट आढळलं.

हा परिणाम हृदय जोरात धडधडल्यामुळे होतो, असंही अनेकांना वाटतं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० मध्ये त्याची सुरेख परीक्षा घेतली. तरुणांनी आठ आठवडे दोन्ही मुठींनी सारखाच व्यायाम केला. फक्त एका हाताला रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळून तिथला वाढीव प्रवाह रोखला होता. माणूस तोच, मेहनत तीच. पण धमनीची प्रसरणक्षमता सुधारली ती पट्टा नसलेल्या हाताचीच. वाढलेला प्रवाह हेच खरं औषध होतं.

‘व्यायामाने जनुकं बदलतात’ असेही मथळे वाचायला मिळतात. जनुकांचा मजकूर बदलत नाही. कोणतं जनुक किती वाचलं जाणार, ते बदलतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २३ जणांनी तीन महिने एकाच पायाचा व्यायाम केला. दुसरा पाय तुलनेसाठी मोकळा. २०१४ मध्ये निष्कर्ष आले : व्यायाम केलेल्या पायाच्या स्नायूत डीएनएवरच्या सुमारे पाच हजार ठिकाणच्या, जनुकांच्या वाचनावर परिणाम करणाऱ्या रासायनिक खुणा बदललेल्या होत्या. एकाच माणसाचे दोन पाय, जन्मजात डीएनए एकच!

म्हणून ‘आमच्या घराण्यातच हार्ट आहे’ म्हणून हात टेकणं योग्य नाही. पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१६ च्या एका अभ्यासात आनुवंशिक धोका सर्वाधिक असलेल्यांमध्येही निरोगी राहणी असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा होता. त्या राहणीत व्यायामाबरोबरच धूम्रपान टाळणं, आहार आणि वजन यांचाही हिशेब होता.

ब्लॉकेज आढळलं म्हणजे आता हालचाल बंद, ही समजूत तर घातकच. लाइपझिगमध्येच २००४ साली, प्रकृती स्थिर असलेल्या १०१ हृदयरुग्णांपैकी काहींना स्टेंट बसवले, तर काहींनी वर्षभर रोज २० मिनिटं सायकल चालवली. वर्षअखेर हृदयाच्या तक्रारींचा गंभीर प्रसंग न ओढवलेले सायकलवाल्यांत ८८ टक्के होते, स्टेंटवाल्यांत ७० टक्के. अर्थात हा अभ्यास लहान आणि स्थिर रुग्णांपुरताच होता. झटका येत असताना व्यायाम हा अँजिओप्लास्टीला पर्याय नाही.

राहिला कमाई शिल्लक ठेवता येते हा भ्रम. व्यायाम थांबला, की हा लाभ काही आठवड्यांत ओसरू लागतो. शिवाय सलग सहा तास बसल्यावर गुडघ्यामागच्या धमनीची प्रसरणक्षमता घटते आणि नंतर दहा मिनिटं चाललं की सावरते, हे २०१५ मध्ये अमेरिकेत निरोगी तरुणांवर दिसलं. तेव्हा सकाळचं चालणं सोडू नका, पण दिवसभर खुर्चीला खिळूनही राहू नका. हृदयविकार असेल तर व्यायाम किती करायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि गोळ्या मनाने बंद करू नका.