मेसेज आला की ॲपला जागं कोण करतं?

बँकेच्या ॲपमध्ये लॉगिन करताना ओटीपीचा एसएमएस येतो आणि आपण बोट लावण्याआधीच सहा आकडे चौकटीत भरलेले दिसतात. कुणाला ही सोय वाटते, तर कुणाला धसका बसतो. हा व्यवहार नेमका कसा होतो, हे प्रत्येक मोबाइलधारकाला ठाऊक हवं.

गैरसमज : मेसेज टिपायचा तर ॲप सतत चालू ठेवावं लागतं.

वस्तुस्थिती : नाही. एसएमएस आला की अँड्रॉइड आतल्या आत तशी दवंडी पिटतं. ज्या ॲपने ‘मला कळवा’ अशी नोंद केली आहे आणि ज्याला तुम्ही एसएमएसची परवानगी दिली आहे, ते बंद असलं तरी त्याला थोड्या वेळापुरतं उठवलं जातं. इंटरनेटवरून येणाऱ्या नोटिफिकेशनसाठीही प्रत्येक ॲप सर्व्हरकडे खेटे घालत नाही. सगळ्यांसाठी मिळून एकच जोडणी उघडी असते. अँड्रॉइडवर सहसा गूगलची, आयफोनवर ॲपलची. बॅटरी वाचते ती त्यामुळेच.

गैरसमज : ॲप ‘रिसेंट’मधून सरकवून टाकलं की ते मेसेजला उठत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक फोनवर उठतं. सेटिंग्जमधलं ‘फोर्स स्टॉप’ मात्र वेगळं. २०११ च्या अँड्रॉइड ३.१ पासून, असं थांबवलेलं ॲप सहसा तुम्ही स्वतः उघडेपर्यंत झोपूनच राहतं. नवं ॲपही एकदा उघडल्याशिवाय दवंडी ऐकत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरीची काटकसर फार कडक असते. तिथे ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावं लागतं.

गैरसमज : ओटीपी आपोआप भरणारं ॲप सगळे एसएमएस वाचतं.

वस्तुस्थिती : तसंच असेल असं नाही. काही ओटीपी मेसेजच्या शेवटी अर्थहीन वाटणारी ११ अक्षरं असतात, ती नीट पाहा. ती त्या ॲपची खूण. खूण जुळणारा तेवढाच मेसेज गूगलची सेवा ॲपच्या हाती देते, तोही ॲपने मागणी केल्यापासून पाच मिनिटांच्या आत आला तरच. यासाठी एसएमएसची परवानगी लागतच नाही.

गैरसमज : आयफोनवरही ॲप एसएमएस वाचून ओटीपी भरतं.

वस्तुस्थिती : ॲपल बाहेरच्या ॲपला मेसेजची पेटी उघडूच देत नाही. २०१८ च्या आयओएस १२ पासून कीबोर्डवर कोड सुचवला जातो. तुम्ही त्यावर बोट ठेवलं, तरच तो ॲपला मिळतो.

गैरसमज : अनोळखी मेसेज नुसता आला तरी खातं रिकामं होतं.

वस्तुस्थिती : नेहमीच्या फसवणुकीत दार आपल्याच हातून उघडलं जातं. ई-चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल येते. आपण ती इन्स्टॉल करतो आणि ‘अलाउ’ दाबतो. पुढे बँकेचा ओटीपी आला की तीच दवंडी या ॲपलाही ऐकू जाते आणि ते ओटीपी चोरट्याकडे पाठवतं.

म्हणून आजच अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ शोधा आणि ‘एसएमएस’ उघडा. यादीतल्या एखाद्या ॲपला मेसेज कशासाठी लागतात हे सांगता येत नसेल, तर त्याची परवानगी काढून घ्या. मग आईवडिलांच्या फोनवरची यादीही त्यांच्याजवळ बसून तपासा.