आधी वाचक, मग पुस्तक

१८९३ च्या सुमाराची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एक मराठी कवी आणि एक परदेशी पाद्री समोरासमोर बसले होते. गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. निरोप घेताना पाद्र्यानं कवीच्या हातात ‘नव्या करारा’ची प्रत ठेवली आणि ती वाचून काढण्याचं वचन घेतलं. कवी होते नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगलं, पुढे पुन्हा सांधलं, आणि त्या साऱ्या उलथापालथीतून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आली. अनोळखी माणसानं सुचवलेल्या एका पुस्तकाचा एवढा मोठा परिणाम मराठी साहित्यात दुसरा शोधावा लागेल.

त्या पाद्र्यानं समोरचा माणूस बरोबर हेरला होता. आपण मात्र कुणी “काही चांगलं वाचायला सांगा ना” म्हणालं की आपल्याच आवडीची यादी घडाघडा म्हणून मोकळे होतो. ‘कोसला’ वाचलीच पाहिजे, ‘बलुतं’ वाचलं नाही तर काय वाचलं! यादी ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जाऊन मोबाइल उघडतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. म्हणजे पुस्तक सुचवणं हे सोयरीक जुळवण्यासारखं काम आहे. दोन्ही घरं माहीत असल्याशिवाय मध्यस्थानं तोंड उघडू नये.

म्हणून या लेखापुरता एक वाचक ठरवून घेऊ. तो जामसांवलीचा.

जामसांवली मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात, जाम नदीच्या काठी. पिंपळाखाली पहुडलेल्या स्वयंभू हनुमानाच्या दर्शनाला इथे मंगळवारी-शनिवारी रीघ लागते. त्या रांगेत कुणी तुलसीदासांची हनुमान चालीसा पुटपुटत असतं, तर कुणी रामदासांचं मारुतिस्तोत्र. एकाच घरातल्या दोघांच्या तोंडी दोन्ही असली तरी कुणाला नवल वाटत नाही. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला; सौंसर त्याच जिल्ह्यात. संत्र्याचे बगीचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार, वऱ्हाडी-नागपुरी वळणाची बोली हे सगळं सीमेपलीकडच्या वरूड-काटोलशी जुळतं. शाळा आणि कचेरी मात्र बहुतेक हिंदीत.

त्यामुळे इथल्या वाचकाची घडण जरा निराळी. कान मराठी, डोळा हिंदीला सरावलेला. लिपी तीच असल्यानं अक्षरांची अडचण नाही. अडचण येते ती पुस्तकी मराठीच्या लांबलचक वाक्यांची. अशा वाचकाच्या हाती पहिल्याच फटक्याला पुणेरी वळणाचं जड गद्य दिलं, तर “आपली मराठी काही खरी नाही” असा समज करून घेऊन तो पुस्तक मिटतो. सुचवणाऱ्यानं खबरदारी घ्यायची ती इथे.

त्याच्यासाठी पहिलं पुस्तक उद्धव शेळके यांची ‘धग’. १९६० साली आलेली ही कादंबरी अस्सल वऱ्हाडी बोलते. कौतिक ही तिची नायिका. नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पण प्रपंचात ढिला. पुढे त्याला महारोग जडतो, आणि मुलाबाळांसह संसाराचा गाडा ओढत कौतिक पुरती करपत जाते. दारिद्र्यावर लिहिणारे पुष्कळ झाले, पण चुलीपुढची, उसनवारीची, बाजाराच्या दिवसाची बोलणी शेळक्यांनी जशी टिपली तशी क्वचितच कुणी टिपली. सौंसरच्या माणसाला यातले संवाद समजावून सांगावे लागत नाहीत. आजी जशी बोलते तशी माणसं छापील पानावर बोलताना दिसली, की पुस्तकी मराठीची भीती निम्मी ओसरते. पुस्तक देताना एवढंच सांगावं: मन घट्ट करून वाचा, शेवट सुखाचा नाही.

दुसरं, शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’. हिंदी पट्ट्यात कर्णाची ही कादंबरी घराघरांत गेली. पांढुर्ण्यातल्या एखाद्या शिक्षकानं ती हिंदीतून वाचली असेल, तर त्याला मूळ मराठी प्रत द्यावी. १९६७ सालची ही कादंबरी कर्ण, शोण, वृषाली, कुंती, दुर्योधन आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून पुढे सरकते. कथा आधीच ठाऊक असल्यानं भाषेला अडखळायला होत नाही, आणि दोनेकशे पानं गेली की वाचक मराठीला सरावलेला असतो. सावंतांची भाषा अलंकारांनी फुललेली आहे, काहींना ती जास्त गोड लागेल. तरीही पूल म्हणून तिच्याइतकं भक्कम पुस्तक मिळणं कठीण.

हा पूल उलट दिशेनंही बांधला गेलाय. माधवराव सप्रे मराठी घरातले, पण त्यांनी हिंदी पत्रकारितेत आयुष्य वेचलं. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ १९१५ साली मराठीत आलं आणि लगोलग सप्र्यांनी ते हिंदीत नेलं, रामदासांचा ‘दासबोध’ही. आपल्याला आवडलेलं पुस्तक दुसऱ्यानं वाचावं म्हणून ते आख्खं त्याच्या भाषेत लिहून काढायचं, याहून मोठी शिफारस ती कोणती?

मुक्तिबोध बंधूंची गोष्ट तर या वाचकाला आवर्जून सांगावी. थोरले गजानन माधव हिंदीतले मोठे कवी, धाकटे शरच्चंद्र मराठीतले. घर एक, आईची भाषा एक, लेखणीच्या वाटा दोन. गजानन माधवांची कितीतरी वर्षं नागपुरात गेली, शेवटची राजनांदगावच्या महाविद्यालयात. शरच्चंद्रांचा ‘नवी मळवाट’ हा संग्रह १९४९ चा. पुढे ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या तीन कादंबऱ्या. हिंदी मुक्तिबोध ज्यानं अभ्यासाला म्हणून वाचले आहेत, त्याच्या हाती ‘क्षिप्रा’ द्यावी. दोन भाषांमध्ये वाढणं हे उणेपण नाही, हे त्याला पुस्तकातूनच कळेल.

आता ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ दरम्यान चार भागांत आलेल्या या आत्मकथनात नागपूर आहे, राजनांदगाव आहे. म्हणजे आपल्या वाचकाच्या ओळखीची ठाणी. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण नव्हतंच म्हटलं तरी चालेल. नवरा धर्म बदलून गेला तेव्हाची त्यांची तगमग मोठी. पण तीही सांगताना त्या मध्येच अशी काही मिस्कील टिप्पणी करतात की वाचणारा डोळे पुसता पुसता हसतो. वाक्यं आखूड, बोलल्यासारखी. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला काय द्यावं असा प्रश्न पडला तर डोळे मिटून हेच द्यावं, आणि शक्य असेल तर मोठ्यानं वाचून दाखवावं.

कादंबरीला नाक मुरडणाऱ्या तरुणाला मारुती चितमपल्ली द्यावेत. सोलापूरच्या या माणसानं वनखात्यातल्या नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाटची जंगलं पायाखाली घातली आणि आदिवासींकडून पाखरांची, झाडांची नावं गोळा केली. १८९४ च्या ‘जंगल बुक’मधलं किपलिंगचं शिवनीचं रान छिंदवाड्याच्या शेजारचंच, आणि पेंचचा व्याघ्रप्रकल्प तर दोन्ही राज्यांत पसरलेला. तिथे सफारीला जाण्याआधी ‘रानवाटा’ वाचली, तर वाघ नाही दिसला तरी फेरी वाया जात नाही. चितमपल्लींना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. त्यांना वाचायला घेण्याचं तेही एक निमित्त.

मग राहतो ‘लीळाचरित्र’. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. पुण्याहून ते आडबाजूचं गाव. पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीच्या वाटेनं शेजारचंच. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या या आठवणी लहान लहान आहेत, काही तर चार-सहा ओळींच्या. आरंभापासून सलग वाचायला बसू नये. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत घ्यावी, कुठलंही पान उघडावं, दोन लीळा वाचाव्यात आणि थांबावं. बाजारहाट, गावोगावचे मुक्काम, भाकरतुकडा, शिष्यांचे रुसवेफुगवे असं सातशे वर्षांपूर्वीचं वऱ्हाड-गोदातीर त्यातून समोर येतं.

नावं सांगून झाली, पण पुस्तक हाताशी कसं येणार? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली विनायक रानडे यांच्या पुढाकारानं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली, तिची रीत साधी आहे. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती सांभाळणारा एक माणूस आणि भोवती वाचणारी काही घरं. काही महिन्यांनी ही पेटी पुढच्या गटाकडे जाते, तिच्या जागी दुसरी येते. पेट्या पुढे परदेशातही पोचल्या. २०१७ साली महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये ‘पुस्तकांचं गाव’ उभं राहिलं, तिथे तर घराघरांत विषयवार कपाटं मांडली आहेत. सौंसर-पांढुर्ण्यात सुरुवातीला शंभरही नकोत, वीस पुस्तकं पुरतील; निम्मी मराठी, निम्मी हिंदी. नागपूर दीडेक तासावर असल्यानं ती आणणंही अवघड नाही. पेटीवाला मात्र असा हवा, ज्यानं त्यातलं प्रत्येक पुस्तक स्वतः वाचलंय.

शेवटी सुचवणाऱ्यांसाठी चार पथ्यं. एका वेळी एकच पुस्तक सांगा. दहा सांगितली की एकही वाचलं जात नाही. गोष्ट सांगू नका, पुस्तक कुणाच्या तोंडून बोलतं ते सांगा. आठ दिवसांनी “झालं का वाचून?” म्हणून परीक्षकासारखं विचारू नका. आणि समोरच्यानं अर्धवट सोडून परत दिलं तर रुसू नका; कुठे कंटाळा आला ते विचारा, त्यातूनच पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं ते ठरतं. ‘धग’ पेलली नाही असं कुणी म्हणालं, तर पुढच्या खेपेला चितमपल्ली द्या. ‘मृत्युंजय’ भावलं, तर ‘स्मृतिचित्रे’. आणि त्यानं उलट तुम्हालाच एखादं हिंदी पुस्तक सुचवलं, तर ते मुकाट्यानं घ्या आणि आधी वाचा.